पान ‘हो’ म्हणतं, वर्कर उठत नाही

वेब वर्करमध्ये क्रॉस-ओरिजिन आयसोलेशन आहे की नाही, हे कसं तपासायचं? या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर एका ओळीचं आहे: ‘सेल्फ.क्रॉसओरिजिनआयसोलेटेड’ वाचा, ‘ट्रू’ आलं तर पुढे चला. उत्तर चूक नाही. घोळ होतो तो ही ओळ कुठे लिहिली यात. बहुतेक ठिकाणी ती मुख्य पानाच्या स्क्रिप्टमध्ये सापडते, आणि तिच्या भरवशावर करायचं काम मात्र वर्करमध्ये चालतं. ब्राउझरच्या लेखी पान आणि वर्कर ही दोन स्वतंत्र ठिकाणं आहेत. दोघांच्या फायली सर्व्हरकडून वेगवेगळ्या येतात, त्यांच्याबरोबरचे हेडर वेगळे असू शकतात, आणि आयसोलेशनचा निकालही दोघांसाठी वेगवेगळा लागतो. पानाला विचारून वर्करबद्दल निष्कर्ष काढणं ही या विषयातली सर्वात महागात पडणारी सवय आहे. ती कशी लागली हे समजायला २०१७-१८ पर्यंत मागे जावं लागतं.

वर्कर ब्राउझरमध्ये आले २००९ च्या सुमारास. जड काम बाजूला करायला ते उपयोगी होते, पण पानाशी त्यांची मेमरी सामायिक नव्हती. निरोप पाठवला की डेटाची प्रत निघायची, किंवा त्याची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे जायची. सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले, अनेक थ्रेडवर चालणारे जुने प्रोग्राम वेबवर आणायचे तर एवढ्यावर भागत नव्हतं. २०१७ च्या जावास्क्रिप्ट मानकात ‘शेअर्डअ‍ॅरेबफर’ आला आणि त्याच वर्षात सफारी १०.१, क्रोम ६० आणि फायरफॉक्स ५५ यांनी तो वापरात आणला. आता पान आणि त्याचे वर्कर एकाच मेमरीवर हात ठेवू शकत होते. थांबून वाट पाहण्याची ‘अ‍ॅटॉमिक्स.वेट’ ही क्रिया मुख्य पानात चालत नाही, ती चालते वर्करमध्ये. त्यामुळे हा सगळा व्यवहार पहिल्या दिवसापासून वर्करच्याच अंगणातला.

हे सुख काही महिनेच टिकलं. ३ जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. त्यातला स्पेक्टर वेबसाठी जास्त वाईट होता. आजचा प्रोसेसर पुढची पायरी कोणती असेल याचा अंदाज बांधून ती आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर निकाल टाकून देतो, पण त्या कामाचा माग कॅशमध्ये राहून जातो. ओट्यावरच्या कुकरला हात लावला की तो नुकताच उतरवलाय की सकाळपासून तसाच आहे हे झाकण न उघडता कळतं, तसंच हे: मेमरीतली अमुक जागा वाचायला किती वेळ लागला यावरून ती आधी कोणी चाळली होती का, हे ओळखता येतं, आणि त्यावरून वाचायची परवानगीच नसलेली माहिती एकेक बिट करून बाहेर काढता येते.

हात लावून ओळखायचं तर वेळ बारकाईने मोजता आला पाहिजे. कॅशमधून वाचणं आणि मुख्य मेमरीतून वाचणं यातला फरक फार तर शे-दीडशे नॅनोसेकंदांचा. ‘परफॉर्मन्स.नाऊ’ त्या काळी ५ मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक होतं, म्हणजे या कामासाठी तसं जाडंभरडंच. पण शेअर्डअ‍ॅरेबफर हाताशी असेल तर घड्याळाची गरजच उरत नाही. एका वर्करला सामायिक मेमरीतला आकडा सतत एकाने वाढवत बसवायचं आणि दुसरीकडून तो आकडा दोनदा वाचायचा. मधल्या फरकातून नॅनोसेकंदांच्या पातळीवरचं घड्याळ तयार होतं. पाच-सात ओळींचा हा वर्कर, आणि त्यामुळे पुढच्या सात-आठ वर्षांचं वेब वेगळं घडलं.

ब्राउझरवाल्यांनी तेव्हा जे हाताशी होतं ते केलं. दोष जाहीर झाल्यापासून काही दिवसांतच शेअर्डअ‍ॅरेबफर बंद झाला आणि घड्याळं मुद्दाम बोथट केली गेली. फायरफॉक्सने पहिल्या फटक्यात २० मायक्रोसेकंदांवर नेलं. ही मलमपट्टी होती, आणि तसं सांगितलंही गेलं. खरा उपाय एकच होता: ज्याचा डेटा चोरायचा तो चोराच्या प्रोसेसमध्ये येताच कामा नये. क्रोमने डेस्कटॉपवर प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली, आणि त्या बळावर २०१८ च्या मध्याला क्रोम ६८ मध्ये शेअर्डअ‍ॅरेबफर परत सुरू केला. फोनवर मात्र ते जमेना. प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस म्हणजे जास्त रॅम. २०१९ मध्ये अँड्रॉइडच्या क्रोम ७७ मध्ये हे वेगळेपण आलं ते किमान २ जीबी रॅम असलेल्या फोनवर, तेही पासवर्ड टाकून आत जाण्याच्या साइट्सपुरतं. आपल्याकडे लोकांचं वेब मुख्यतः अँड्रॉइड फोनवर असतं, हे लक्षात घेतलं तर डेस्कटॉपवर चालणारं तंत्र हातातल्या फोनवर तीन वर्षं का नव्हतं हे उघड होतं.

मग सौदा ठरला. तुम्हाला धारदार हत्यार हवं असेल तर आधी तुमच्या प्रोसेसमध्ये परकं काही नाही याची हमी द्या. हमी दोन हेडरमधून द्यायची; ती दिली की पान ‘क्रॉस-ओरिजिन आयसोलेटेड’ धरलं जातं. पहिला क्रॉस-ओरिजिन-ओपनर-पॉलिसी, किंमत ‘सेम-ओरिजिन’: माझं पान ज्या परक्या खिडकीने उघडलं किंवा मी जी उघडली, तिच्याशी माझा संबंध तोडा. दुसरा क्रॉस-ओरिजिन-एम्बेडर-पॉलिसी, किंमत ‘रिक्वायर-कॉर्प’: माझ्या पानात येणारी प्रत्येक परकी गोष्ट, मग ते चित्र असो, स्क्रिप्ट असो की आयफ्रेम, तिने स्वतः परवानगी दिली असेल तरच आत घ्या. या दोघांना लोक सीओओपी आणि सीओईपी म्हणतात. (पुण्यातल्या इंजिनिअरला दुसरं नाव वाचून आधी कॉलेज आठवतं, त्याला इलाज नाही.) परवानगी देण्याचा हेडर तिसरा, क्रॉस-ओरिजिन-रिसोर्स-पॉलिसी. तो परक्या सर्व्हरने लावायचा असतो, म्हणून तोच सर्वात जास्त डोकेदुखीचा.

फायरफॉक्स ७९ ने जुलै २०२० मध्ये या अटींवर शेअर्डअ‍ॅरेबफर परत दिला. अँड्रॉइडवर क्रोम ८८ ने जानेवारी २०२१ मध्ये. डेस्कटॉपवरच्या क्रोमने मोकळीक काढून घेऊन हीच अट लावली ती क्रोम ९२ मध्ये, जुलै २०२१ ला. आणि सफारी १५.२ ते वर्ष संपताना आली. मधल्या काळात, मार्च २०२१ मध्ये, गूगलच्याच सुरक्षा संशोधकांनी क्रोम ८८ मध्ये साध्या जावास्क्रिप्टने सेकंदाला सुमारे १ किलोबाइट वेगाने मेमरी वाचून दाखवली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १ मिलिसेकंदाच्या बोथट घड्याळानेही सेकंदाला ६० बाइट निघत होते. घड्याळ बोथट करून भागत नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा दुसरा नको होता.

आता तपासणीकडे. २०२१ च्या आधी लिहिलेल्या बऱ्याच कोडमध्ये ‘टाइपऑफ शेअर्डअ‍ॅरेबफर’ अशी चाचणी दिसते: ते नाव ग्लोबलमध्ये आहे का, एवढंच ती पाहते. ती त्या काळातल्या डेस्कटॉप क्रोमवर ‘आहे’ सांगायची, मग आयसोलेशन असो नसो. आज आयसोलेशन नसलेल्या पानात हे नाव लपवलेलं असतं, म्हणून चाचणी बहुधा बरोबर निघते. पण बहुधाच. नाव लपवलं तरी वस्तू लपत नाही. वेबअसेंब्लीची सामायिक मेमरी तयार करा, तिच्या बफरचा कन्स्ट्रक्टर विचारा, शेअर्डअ‍ॅरेबफर हाती येतो. काही लायब्ररी मुद्दाम असं करतात. तो बफर वर्करकडे पाठवायला गेलात की ‘डेटाक्लोनएरर’ अंगावर येतो. आयसोलेशनची अट वस्तू बनवण्यावर नाही, ती दुसऱ्या थ्रेडकडे पाठवण्यावर आहे. म्हणून वस्तू आहे का हे विचारण्यात अर्थ नाही. ‘क्रॉसओरिजिनआयसोलेटेड’ हा ध्वज विचारायचा, आणि तो पान व वर्कर दोन्हीकडे ‘सेल्फ’वर मिळतो.

वर्करच्या बाबतीत हा ध्वज कसा ठरतो, ते नीट पाहण्यासारखं आहे. साधा, एका पानाच्या मालकीचा वर्कर घ्या. त्याला मानकात डेडिकेटेड वर्कर म्हणतात. पानाने सीओईपी लावलेला असेल तर ब्राउझर वर्करची स्क्रिप्ट आणताना तिच्याही उत्तरात सीओईपी आहे का ते पाहतो. पानावर ‘रिक्वायर-कॉर्प’ आणि वर्करवर ‘क्रेडेन्शियललेस’ (सीओईपीचीच दुसरी, सौम्य किंमत) असली तफावत चालते. हेडरच नसणं चालत नाही. नसला तर वर्करचा ध्वज ‘फॉल्स’ होतो असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. वर्कर सुरूच होत नाही. नेटवर्क चूक म्हणून स्क्रिप्ट अडवली जाते, आणि वर्करच्या आत लिहिलेली तुमची काळजीपूर्वक चाचणी कधी चालतच नाही. म्हणजे प्रत्यक्ष कामात ‘फॉल्स’ क्वचित भेटतो. जास्त वेळा भेटते ती शांतता.

उलट बाजूही आहे. वर्करच्या फाइलवर सीओईपी लावलाय, पण पानाला आयसोलेशन नाही. वर्कर सुरू होतो, ध्वज मात्र ‘फॉल्स’ राहतो, कारण मालकाला जे नाही ते या वर्करला मिळत नाही. आणि गंमत म्हणजे सीओईपीची बंधनं त्याला तरीही लागू होतात, म्हणजे परक्या सर्व्हरवरची परवानगी नसलेली स्क्रिप्ट त्याला ओढता येत नाही. लाभ शून्य, बंधन पूर्ण. याहून वाईट अवस्था अर्धवट पानाची: सीओईपी लावला, सीओओपी विसरला. पानाला आयसोलेशन मिळालं नाही, पण सीओईपी आहे म्हणून वर्करवर हेडरची सक्ती आली. आधी ठीक चालणारे, शेअर्डअ‍ॅरेबफरशी काही देणंघेणं नसलेले वर्करही बंद पडतात. दोन हेडर दोन वेगवेगळ्या दिवशी, ‘हळूहळू’ चढवणाऱ्या संघांना हा अनुभव येतो. वर्करने वर्कर काढला तर हाच नियम पायरी-पायरीने खाली उतरतो, तिथे मालक म्हणजे वरचा वर्कर.

स्क्रिप्ट फाइलमधून न येता मजकुरातून बनवली तर? ब्लॉब पत्त्यावरून काढलेला वर्कर ज्याने ब्लॉब बनवला त्याची धोरणं उचलतो, त्यामुळे त्याच्यासाठी सर्व्हरवर काही करावं लागत नाही. कितीतरी लायब्ररी याच वाटेने जातात. वर्करची स्क्रिप्ट परक्या ओरिजिनवरून थेट घेता येत नाही, म्हणून सीडीएनवरची फाइल आधी ब्लॉबमध्ये भरून मग वर्कर काढायचा, किंवा ब्लॉबमध्ये ‘इम्पोर्टस्क्रिप्ट्स’ची एक ओळ लिहून सीडीएनचा पत्ता द्यायचा. दुसऱ्या प्रकारात सीडीएनने रिसोर्स-पॉलिसी लावलेली नसेल तर वर्कर जन्मतो आणि त्या ओळीवर अडखळतो. मॉड्यूल वर्करमध्ये ‘इम्पोर्ट’ला सीओआरएस लागतं, बहुतेक मोठे सीडीएन ते देतात, म्हणून तिथे हीच अडचण सहसा येत नाही. डेटा पत्त्याचा वर्कर मात्र वेगळा पडतो. तो मालकापासून परका ओरिजिन धरला जातो आणि मानकात त्याचा ध्वज सरळ ‘फॉल्स’ केलेला आहे, पान पूर्ण आयसोलेटेड असलं तरी. पान ‘ट्रू’, वर्कर ‘फॉल्स’ ही जोडी प्रत्यक्ष पाहायची असेल तर हा सोपा प्रयोग.

शेअर्ड वर्कर आणि सर्व्हिस वर्कर यांना एकच एक मालक नसतो. त्यांच्याशी आयसोलेटेड पानही बोलतं आणि साधं पानही. पानाच्या धोरणाचा वारसा त्यांच्याकडे जात नाही. त्यांच्या स्वतःच्या स्क्रिप्टच्या उत्तरातलं धोरण त्यांना लागतं. पानाच्या ध्वजावरून त्यांच्याबद्दल काहीही गृहीत धरू नये, एवढं पक्कं धरून चालावं. त्यांच्याकडे सामायिक मेमरी पाठवायच्या भानगडीत मी तरी कोणाला पडायला सांगणार नाही. त्यांचं काम वेगळं आहे.

शांततेबद्दल थोडं अधिक, कारण तासन्तास जातात ते इथेच. अडवलेल्या वर्करवर ‘एरर’ ही घटना येते, पण ती उघडी-बोडकी. स्क्रिप्ट चालताना काही चुकलं असतं तर त्या घटनेत संदेश, फाइल, ओळ क्रमांक सगळं आलं असतं. इथे ‘मेसेज’ विचारला तर ‘अनडिफाइन्ड’. पुष्कळ कोडमध्ये या घटनेला कान लावलेला असतो आणि तो नेमका ‘मेसेज’ छापतो. कन्सोलवर ‘वर्कर एरर: अनडिफाइन्ड’ एवढीच ओळ उमटते आणि माणूस वर्करच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. खरी नोंद नेटवर्कच्या टॅबमध्ये लाल झालेल्या ओळीत असते. म्हणून संदेश नसलेली ‘एरर’ ही स्वतःच एक खूण मानावी: वर्करची फाइल मिळाली नाही किंवा अडवली गेली.

अडवण्याची कारणं बहुतेकदा सर्व्हरवर सापडतात. डेव्हलपमेंटच्या सर्व्हरवर सगळ्याच फायलींना हेडर लागतात, म्हणून तिथे सगळं छान. खऱ्या सर्व्हरवर कोणीतरी ते फक्त एचटीएमएलला लावलेले असतात. एनजिनएक्समध्ये तर एक खास खड्डा आहे. ‘अ‍ॅड_हेडर’च्या ओळी वरच्या पातळीवर लिहिल्या की खालच्या ‘लोकेशन’ ब्लॉकला आपोआप मिळतात, पण त्या ब्लॉकमध्ये स्वतःची एकही ‘अ‍ॅड_हेडर’ ओळ नसेल तरच. जावास्क्रिप्ट फायलींसाठी वेगळा ब्लॉक करून त्यात कोणी कॅशच्या मुदतीची एक ‘अ‍ॅड_हेडर’ ओळ टाकली, की वरचे दोन्ही हेडर त्या फायलींपुरते गायब होतात. एचटीएमएल पानावर ते शाबूत, पानाचा ध्वज ‘ट्रू’, वर्कर मेलेला. फाइल बदललेली नाही, कोड बदललेला नाही, आणि सर्व्हरवर बदल करणाऱ्याला आपण काय मोडलं याचा पत्ता नाही.

कॅश हा दुसरा गुन्हेगार. सर्व्हरवर आज हेडर चढवला, पण वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये वर्करची फाइल वर्षभराच्या मुदतीने आधीच साठवलेली आहे, जुन्या हेडरसकट. पान नवं, वर्कर जुना. सर्व्हिस वर्करने स्वतःच्या साठ्यात ठेवलेली प्रत तर सर्व्हरला विचारतच नाही. डेव्हलपरच्या मशीनवर कॅश बंद ठेवून काम चाललेलं असतं, त्यामुळे त्याला हे दिसत नाही. जुन्या, नियमित वापरकर्त्यांनाच दिसतं. हेडर चढवताना वर्करच्या फाइलचं नावही बदलणं हा साधा आणि खात्रीचा इलाज आहे.

तिसरी एक बाब दर महिन्याला कोणाला ना कोणाला नडते. लॅपटॉपवर लोकलहोस्ट वापरून सगळं चालतं, मग फोनवर पाहू म्हणून वाय-फायवरच्या १९२.१६८ च्या पत्त्यावर एचटीटीपीने पान उघडतात आणि ध्वज ‘फॉल्स’. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित मानतो, घरच्या नेटवर्कवरच्या आयपी पत्त्याला नाही. असुरक्षित जागी हे हेडर तो वाचूनही सोडून देतो. एचटीटीपीएस लावल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि पान आयफ्रेममध्ये असेल तर वरच्या पानाला दोन्ही हेडर हवेत, आतल्याला सीओईपी हवा, शिवाय परक्या ओरिजिनच्या आयफ्रेमला ‘अलाउ’मध्ये ‘क्रॉस-ओरिजिन-आयसोलेटेड’ची परवानगी हवी. परवानगी नसेल तर आतल्या पानाचा ध्वज खाली, आणि त्याच्या वर्करचाही.

म्हणून वर्करमध्ये तपासायचं तर त्याचा पहिला निरोपच तपासणीचा असावा. वर्कर जागा झाला की आधी स्वतःचा ध्वज पानाकडे पाठवेल. पान तो येईपर्यंत थांबेल, पण ठरावीक वेळच. निकाल दोन नव्हेत, तीन धरायचे: ‘ट्रू’ आला, ‘फॉल्स’ आला, किंवा काहीच न येता संदेशाविना ‘एरर’ आली वा वेळ संपली. तिसरा निकाल हाताळलेला नसेल तर तपासणी अर्धीच झाली. ज्यांना याहून खात्री हवी त्यांनी आठ बाइटांचा शेअर्डअ‍ॅरेबफर बनवून वर्करकडे धाडावा, वर्करने त्यात एक आकडा लिहावा आणि पानाने तो वाचावा. बनवताना ते नावच सापडलं नाही किंवा पाठवताना ‘डेटाक्लोनएरर’ आला तर पानाकडे आयसोलेशन नाही. वर्करकडे ‘मेसेजएरर’ ही घटना उठली तर बफर तिकडे उघडता आला नाही. ध्वज सांगतो ते आणि प्रत्यक्षात घडतं ते, दोन्ही जुळतंय याची ही रोकडी चाचणी. ब्राउझर बनवणारे ज्या सामायिक चाचणीसंचावर भिस्त ठेवतात त्या वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्समध्येही याच धर्तीचं काम आहे: चाचणीच्या फाइलशेजारी तिच्या हेडरची छोटी फाइल, एकेक हेडर घालून-काढून पाहायचं, आणि वर्करने स्वतः पाठवलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडायचं. आपल्या प्रकल्पात याची चार-सहा चाचण्यांची नक्कल करून ठेवणं अवघड नाही.

या सौद्याची किंमत कोणी मोजली? गोडो या खेळ बनवण्याच्या मुक्त इंजिनाची गोष्ट बोलकी आहे. त्याच्या ४.० आवृत्तीत, २०२३ मध्ये, वेबसाठीचा एक्सपोर्ट थ्रेडवर अवलंबून झाला, म्हणजे शेअर्डअ‍ॅरेबफर आला, म्हणजे दोन्ही हेडर आले. हौशी मंडळी आपले खेळ ज्या ठिकाणी चढवतात तिथला सर्व्हर त्यांच्या हातात नसतो. ऑगस्ट २०२४ च्या ४.३ आवृत्तीत एका थ्रेडवर चालणारा एक्सपोर्ट परत आणावा लागला. एसक्यूलाइट या डेटाबेसनेही तेच वळण घेतलं. २०२२ च्या अखेरीस त्यांची अधिकृत वेबअसेंब्ली आवृत्ती आली. ब्राउझरच्या खासगी फाइल साठ्यावर लिहिण्यासाठी तिच्यात एक वर्कर दुसऱ्या वर्करच्या कामाची सामायिक मेमरीवर वाट पाहत बसतो. आयसोलेशन नसेल तर ही वाट बंद. २०२३ मध्ये ३.४३ आवृत्तीत दुसरी पद्धत आली: फायलींचा संच आधीच उघडून ठेवायचा, मग ना सामायिक मेमरी लागते ना हेडर. बदल्यात एकाच वेळी अनेक टॅबमधून तोच डेटाबेस उघडण्याची सोय जाते. मला हा व्यवहार पटतो. छोट्या अ‍ॅपला दुसऱ्या टॅबची गरज असते त्यापेक्षा न बिघडणाऱ्या उभारणीची गरज जास्त असते. एफएफएमपेगच्या वेबअसेंब्ली आवृत्तीने दोन्ही गाभे शेजारी ठेवले, अनेक थ्रेडचा वेगळा आणि एका थ्रेडचा वेगळा.

सर्व्हर हातात नसलेल्यांसाठी एक जुगाडही रुळला आहे. स्थिर पानांच्या काही मोफत होस्टिंगवर हेडर बदलता येत नाहीत, तर सर्व्हिस वर्कर बसवायचा, त्याने येणाऱ्या प्रत्येक उत्तराला दोन्ही हेडर चिकटवायचे, आणि पान एकदा पुन्हा लोड करायचं. चालतं. पण पहिल्या भेटीत पान एकदा उघडून झाकतं, आणि शिफ्ट दाबून रिलोड केलं तर सर्व्हिस वर्कर बाजूला राहतो व आयसोलेशन जातं. प्रात्यक्षिकाला ठीक आहे; ज्यावर लोकांचं रोजचं काम अवलंबून आहे तिथे नको.

मोठ्या साइट्सचं दुखणं निराळं. त्यांच्याकडे सर्व्हर आहे, पण जाहिराती, नकाशे, व्हिडिओ आणि लॉगिनचे पॉपअप परक्यांचे आहेत. सीओओपीने ओपनरशी संबंध तुटला की पॉपअपमध्ये उघडलेलं पैसे भरण्याचं पान परत निरोप देऊ शकत नाही. ‘सेम-ओरिजिन-अलाउ-पॉपअप्स’ ही सौम्य किंमत लावली तर पॉपअप वाचतो, आयसोलेशन मिळत नाही. सीओईपीच्या बाजूने सवलत आली ती ‘क्रेडेन्शियललेस’च्या रूपात: परक्या चित्रा-स्क्रिप्टला परवानगीचा हेडर नसेल तरी चालेल, फक्त ती कुकी न पाठवता आणली जाईल, म्हणजे तुमच्या नावाचं काही त्यात येणार नाही. क्रोम ९६ मध्ये ही २०२१ ला आली, फायरफॉक्सच्या डेस्कटॉप आवृत्तीत ११९ पासून २०२३ मध्ये. सफारीत नाही. आयफ्रेमसाठी अशीच सवलत क्रोम ११० मध्ये वेगळी आली. दोन्ही हेडरचे ‘रिपोर्ट-ओन्ली’ प्रकारही आहेत, जे काही मोडत नाहीत पण काय मोडलं असतं ते कळवतात. वर्करवर सक्ती आली असती तर कोणकोणते वर्कर पडले असते, हे आधी कळण्याची ही एकमेव शहाणी वाट आहे आणि ती फारच कमी लोक वापरतात.

मे २०२५ मध्ये क्रोम १३७ च्या डेस्कटॉप आवृत्तीत डॉक्युमेंट-आयसोलेशन-पॉलिसी नावाचा नवा हेडर आला. ब्राउझरने ते एक पान वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायचं, म्हणजे सीओओपी लागत नाही, पॉपअप जिवंत राहतात, आतल्या आयफ्रेमनी काही जाहीर करायची गरज नाही. २०२०-२१ मध्ये वेगळेपणाची हमी साइट बनवणाऱ्याच्या गळ्यात मारली होती, ती इथे ब्राउझर परत स्वतःकडे घेतोय. हे आधीच व्हायला हवं होतं असं माझं मत आहे. पण त्यासाठी लागणारी प्रोसेस आणि रॅम फोनवर कुठून आणायची, हा २०१८ चा प्रश्न तसाच आहे.

तोवर, अनेक थ्रेडवर चालणारं काही बनवत असाल तर एका थ्रेडची वाटही चालू ठेवा आणि ती खरोखर चालते का ते पाहा. पाहायची रीत सोपी आहे: चाचणीच्या सर्व्हरवर फक्त वर्करच्या फाइलवरून सीओईपी काढा, पान उघडा, आणि वापरणाऱ्याला काम होताना दिसतंय की गोल फिरणारं चिन्ह, ते बघा.